देशमुखांच्या घरातल्या राठोडबाई

दार उघडं राहिलं की मांजर शिरतं, शेजारणीचं पोर शिरतं. आम्ही तर गावातली सहा जुनी घरं एकाच वेळी उघडी ठेवतो आणि वर बाहेरच्यांना आमंत्रण देतो. मग काय, किस्से शिरणारच! एकाला हाकलायला जावं तर तो आणखी दोघांना घेऊन येतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या खालच्या टोकाला, उमरखेड-महागावकडचं. होळी झाली की पाडव्याच्या आत इथे 'वसंत वारसा महोत्सव' भरतो. महोत्सव म्हणजे एक मांडव, एक लाऊडस्पीकर, झुणका-भाकरीचे स्टॉल आणि जुन्या घरांची टूर. अध्यक्ष आमचे देवतळे सर, जन्मभर शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. टूर नेणारा मी, एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झालेलो. सर माहिती सांगतात, मी म्हणतो, "चला, पुढे सरका!"

*

पहिल्या वर्षी घरं मिळवतानाच घाम फुटला. गणपतराव पाटलांच्या दारात सर अगदी अदबीनं म्हणाले, "आम्ही वारसा समितीकडून आलो. तुमच्या घराबद्दल जरा बोलायचं होतं."

गणपतरावांनी आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मले दोन पोरं हायेत," ते म्हणाले. "हा तिसरा वारस कोठून पैदा झाला?"

"तसं नाही हो," सर गडबडले, "हा साऱ्या गावाचा वारसा..."

"म्हंजे सारं गावच हिस्सा मांगून राह्यलं!"

आणि दार बंद!

शेवटी त्यांच्या सूनबाईंनी मधे पडून दार उघडवलं. तरी अजूनही टूर आली की गणपतराव ओट्यावरून आधी विचारून घेतात, "पाहाले आले, का मांगाले आले?"

*

पुण्याच्या एक ताई टोपी, गॉगल, छत्री अशा जय्यत तयारीनं आल्या होत्या. दुपारचे बारा, वर ऊन असं की चप्पल रस्त्याला चिकटावी. ताई बॅनरकडे बघत म्हणाल्या, "इथे वसंत लिहिलंय. पण वसंत आहे कुठे?"

मी म्हटलं, "होळीपर्यंत होता ताई. आत्ताच गेला."

भाकरी थापणारी आमची कमला स्टॉलमधून ओरडली, "कोन, वसंता? कुठी नाही गेला! तो मागं पान्याची टाकी भरून राह्यला!"

*

आता राठोडबाईंचं सांगतो. शेवंताबाई राठोड. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढे तांडा वसला, शेती आली. तीसेक वर्षांपूर्वी पोरींच्या शाळेसाठी नवरा-बायको तांड्यावरून गावात आले आणि त्यांनी देशमुखांचं घर विकत घेतलं. देशमुख पुण्याला गेले ते गेलेच. नाव मात्र इथेच राहिलं! दूधवाला, लाइनमन, लग्नाची पत्रिका वाटणारा, सगळ्यांच्या तोंडी 'देशमुखांचं घर'. आणि बाई म्हणजे 'देशमुखांच्या घरातल्या राठोडबाई'.

सरांनीही पहिल्या वर्षी दारावर बोर्ड लावला, 'देशमुख घर'. बाईंनी बोर्ड पाहिला, आलेल्या सगळ्यांना गुळाचा चहा पाजला, आणि लोक माडी बघायला गेल्यावर मला बाजूला घेतलं.

"भाऊ, या भिती दरसाल मी लिपतो. माह्या दोन पोरी याच आंगनातून सासरी गेल्या. सासरा याच घरात गेला. मंग हे घर माहं कधी होईन?"

मला फार वाईट वाटलं. मी कप उचलून मोरीत ठेवले आणि लोकांना घेऊन निघालो.

*

वानखेड्यांच्या घरी नक्षीचा झोपाळा आहे, आणि दुपारी त्या झोपाळ्यावर वानखेड्यांचे बाबा झोपलेले असतात. वय नव्वदीच्या घरात. सुनेनं बजावलं होतं, बाबांची झोपमोड करायची नाही. म्हणून मी सगळ्यांना खुणेनंच आत घेतलं. सगळे झोपाळ्याभोवती गोल करून, हात जोडल्यासारखे पुढे धरून, मान खाली घालून नक्षी बघतायत. सर अगदी हळू आवाजात घराण्याची थोरवी सांगतायत.

बाबांनी डोळे उघडले. एकेक चेहरा पाहिला.

"काहून बे," ते म्हणाले, "मी गेलो काय?"

सून धावत आली. "नाही बाबा, टूर आहे!"

"मंग चपला घालून कोन आलं घरात?" बाबा कडाडले!

तेव्हापासून वानखेड्यांकडे चपला अंगणातच काढतो.

*

राठोडबाईंचं गाऱ्हाणं मी सरांच्या कानावर घातलं होतं. सर मनाचे चांगले. पण इतिहास शिकवलेला माणूस, जुनं नाव खोडायला त्यांचा हात धजेना. दुसऱ्या वर्षी त्यांनी खूप विचार करून मधला मार्ग काढला. बोर्ड रंगवला, 'राठोड (पूर्वीचे देशमुख)'.

पहिल्याच बॅचमधल्या एका गृहस्थांनी तो मोठ्यानं वाचला आणि कौतुकानं बाईंना विचारलं, "अरे वा! तुम्ही आडनाव कधी बदललं?"

राठोडबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आम्हीही हसलो. सर एकटेच कावरेबावरे! पण लोक गेल्यावर त्या बोर्ड काढून माझ्या हातात देत म्हणाल्या, "राहू दे भाऊ. मी मेल्यावर बी लोकं म्हनतीन, देशमुखाच्या घरातून मयत निघाली."

त्या हसतच बोलल्या. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

यंदा सरांनी त्या दारावर बोर्डच लावला नाही. 'नको रे बाबा,' म्हणाले.

टूर सुरू व्हायच्या वेळी मांडवात एक बाई तिकीट घेऊन उभ्या. पासष्टीच्या पुढच्या, पिकलेले केस, खांद्याला पिशवी. एकट्या. मी पाहताक्षणी ओळखलं. मालती देशमुख! मी कंडक्टरकीत नवा असताना दिवाळीला माझ्याच गाडीनं माहेरी यायच्या. आईवडील गेले, भावानं घर विकलं, त्यानंतर गावात पाऊल ठेवलं नव्हतं.

मी नाव सांगताच सरांनी मला कोपऱ्यात ओढलं. "आता ही आत जाईल आणि सांगत सुटेल, इथे आमचं देवघर, इथे आमच्या बाबांची खुर्ची! राठोडबाईंनी काय करायचं?"

माझ्याही मनात तेच होतं. पण तिकीट काढलेल्या पॅसेंजरला खाली कसं उतरवणार?

बातमी आमच्या आधी पोचली होती. राठोडबाई दारात उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून, ओठ घट्ट मिटून. चार शेजारणी मुद्दाम कठड्याला येऊन टेकल्या होत्या. टूर थांबली.

मालतीताई पुढे झाल्या. चपला काढल्या. दाराच्या चौकटीवर हात ठेवायला गेल्या आणि मधेच मागे घेतला. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"राठोडांचं घर हेच का?" त्यांनी विचारलं.

सर चष्मा पुसायला लागले.

"हो," राठोडबाई म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "हो, राठोडाचंच हाय."

मालतीताईंनी पिशवीतून तिकीट काढून त्यांच्यापुढे धरलं.

राठोडबाईंनी तिकिटाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. आत जाऊन तांब्या भरून आणला आणि खाली वाकून ताईंच्या पायांवर पाणी घातलं.

"आव बाई, आव," त्यांनी तांड्याच्या बोलीत आत बोलावलं. "माहेरी आलेल्या लेकीनं दाराभायेर उभं राह्यचं असते काय?"

ताईंना आत घेतलं, आणि माझ्याकडे वळून दार लोटता लोटता म्हणाल्या, "भाऊ, या लोकाइले उद्या आन. आज आमच्या घरी पाव्हनी हाय!"