नाचणगावच्या दारावरची पाच अक्षरं

आर्वीला जाणारी छोटी गाडी माझ्या डोळ्यांदेखत पुलगाव स्टेशनातून निघून गेली. मुंबईची आमची गाडी उशिरा पोचली होती आणि रोहण्याकडे कापूस पाहायला जायचं ते आता उद्यावर गेलं. माघातलं कोवळं ऊन पडलं होतं. कापसाने लादलेल्या बंड्या (बैलगाड्या) जिनाकडे (सरकी काढण्याच्या कारखान्याकडे) चालल्या होत्या. मी समोरच्या चहाच्या दुकानात शिरलो.

शेजारच्या बाकावर तिशीतला एक माणूस मोठा कागद पसरून पाथरवटाला काही समजावत होता. कागदाकडे नजर गेली आणि माझा चहा हातातच राहिला. ती जपानी कताकाना अक्षरं होती! दुसऱ्या महायुद्धापूर्वी मुंबईत एका जपानी कापूस व्यापाऱ्याकडे नोकरीला असताना कापसाच्या गाठींवरच्या चिठ्ठ्या वाचण्यापुरती ही लिपी मी शिकलो होतो.

त्या माणसाचं नाव देवराव. तो लष्कराच्या डेपोत कारकून होता आणि जवळच्याच नाचणगावात राहत होता. त्याच्या वस्तीने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला वर्ष उलटलं होतं. परतताना वर्धा स्टेशनावर एका जपानी भिक्खूने एक कागद त्यांच्या हाती दिला. एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती. भिक्खू हात जोडून हसला आणि गाडीत चढला. वस्तीने कागद बुद्धवचन म्हणून जपला. आता नव्या विहाराच्या दारावर त्यातली पहिली ओळ कोरायची होती. देवरावने आणला होता तो त्याचाच उतारा.

ओळ नीट पाहायच्या आधीच, मला हे वाचता येतं, असं मी बोलून गेलो. मग देवराव मला सोडतो कसला? पाथरवटाला घेऊन आम्ही तिघे पायीच नाचणगावला निघालो.

विहाराच्या भिंती मातीच्या, वर टिनाचं छप्पर, दारावर मात्र घडीव दगडाची पट्टी. आत मूळ कागद काचेत लावलेला आणि त्यापुढे झेंडूची फुलं. अक्षरांचा तक्ताच तो. प्रत्येक अक्षराखाली एक रिकामं घर होतं. शिकणाऱ्याने तिथे आपल्या लिपीतलं अक्षर भरायचं आणि तक्ता आपलासा करायचा, एवढाच त्याचा उपयोग.

देवरावची आत्या सोनाबाई साठीची होती. विहाराचे दगड तिने डोक्यावरून वाहिले होते, आणि याच वर्षी ती प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकली होती. तिने आधी आम्हाला जेवू घातलं: ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) झणझणीत भाजी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते निम्मं मिरचीचं होतं. जमलेली माणसं माझ्या वाचण्याची वाट पाहत होती.

जेवण झाल्यावर मी तक्त्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, फार चांगलं लिहिलंय.

सोनाबाई म्हणाली, "चांगलं हाय, पन काय हाय?"

मग मला सांगावंच लागलं. ア イ ウ エ オ, म्हणजे अ, इ, उ, ए, ओ. मुलांना शिकवतात ती मुळाक्षरं. बुद्धवचन नव्हे.

देवरावचा चेहरा उतरला. गावात आधीच टपून बसलेले लोक हसतील, असं पुटपुटत त्याने पाथरवटाला परत जायला सांगितलं.

"काऊन जाईन तो?" सोनाबाईने विचारलं. "माह्या बापाले शाळंच्या ओट्यावर चढू देत नव्हते. अक्षरंच तं पाह्यजे होते आपल्याले. कोर रे बाप्पा."

देवराव बाहेर जाऊन बसला. सोनाबाईने खडू घेतला आणि जपानी ओळीखाली कोरण्यासाठी दगडाच्या पट्टीवर आपली पाच अक्षरं काढली. ए जरा कलला. पाथरवट म्हणाला, मी सरळ करून घेतो. देवराव केव्हा दारात येऊन उभा राहिला होता कोण जाणे. तो म्हणाला, "नाई. आत्यानं लिव्हलं तसंच."

छिन्नीचा आवाज सुरू झाला. आत आम्ही काच काढून तक्त्याची रिकामी घरं भरू लागलो. मी उच्चार सांगायचा, ज्याला येईल त्याने अक्षर लिहायचं. शेवटचं घर भरल्यावर सोनाबाईने विचारलं, "ळ कुठी हाय?"

जपान्यांकडे ळ नाही, ते र म्हणून भागवतात, असं मी सांगितलं. तिला खरंच वाईट वाटलं. "मंग केळ्याले केरं म्हनत असतीन बिचारे." तिने कडेच्या कोऱ्या जागेत ठसठशीत ळ काढला. "राहू द्या इथंच. कोनाले लागलं तं घेतीन."

दुसऱ्या दिवशी आर्वीची गाडी वेळेवर मिळाली. रोहण्याचा कापूस पाहून आठवड्याने मी मुंबईला परतलो. त्या तक्त्यापुढे गोड बोलून निसटायला निघालो होतो, त्याला मी तेव्हा दया समजत होतो. आमच्या घरात अक्षरं कोणाला मागावी लागली नव्हती. म्हणूनच नुसती मुळाक्षरं निघाली तर ही माणसं खचतील, असं मला वाटलं असावं.