रस्त्यावर आलेलं मीटर

भुजंग नळाची मीटरं वाचायचा. परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत ही नोकरी त्याला नामांतराच्या धामधुमीत मिळाली होती, तीही कच्ची. मुदत वाढवून घ्यावी लागे. मीटर असायचं न्हाणीजवळ, घराच्या पार आत. म्हणून दारात उभं राहून "मीटर बघायचंय होऽ" अशी हाळी द्यायची, बायकांना आवरायला वेळ द्यायचा आणि मग खाली मान घालून आत जायचं, ही त्याची रीत. बौद्धवाड्यातला म्हणून दोन-चार घरं मात्र त्याला उंबऱ्यावरच अडवत. त्यांत पहिलं घर सरकीचे व्यापारी दिनकरराव यांचं.

"थांब तिथंच. आतून आकडा सांगायल्यात," ते ओट्यावरून म्हणत. त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, आतून सांगितलेला आकडा महिनोन्महिने जागचा फारसा हलत नसे. भुजंग तो लिहून घेई आणि पुढं जाई.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुण्याचा एक विक्रेता नवं मीटर घेऊन आला. मीटर आतच, पण त्याची तार भिंतीतून बाहेर, आणि रस्त्याकडच्या भिंतीवर आकड्यांची डबी. आत पाणी वाहिलं की बाहेर टक्कन आकडा सरके. वाचणाऱ्यानं घरात जायचं कामच नाही. पुढं तर आकडा तारेवरून थेट ऑफिसात येईल, असं तो म्हणाला. नगरपालिकेचे साहेब खूश झाले. एका घरी बसवून बघायचं, जमलं तर गावभर, आणि तीन वाचकांच्या जागी एक. भुजंग सगळ्यांत नवा. कोण जाणार हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आमच्याच घरी बसवा. कुणी आत यायलाच नको," दिनकरराव म्हणाले. भुजंगला बाहेर ठेवायच्या घाईत ते आपल्या नळाला पाणी ओढायला चोरून लावलेली मोटर विसरले.

पाणी एक दिवसाआड येई. डबी बसल्यावर पहिल्याच पाण्याच्या दिवशी भुजंग ती बघायला आला, तर समोरच्या घरची चतुराबाई रिकामी घागर घेऊन तिथंच उभी.

"ही डबी का बोलायलीय रे?"

"मावशी, आत पाणी चाललं की आकडा सरकतो."

"आमच्या नळाला थेंब न्हाई, अन् हितं घड्याळावानी टकटक?"

शेजारच्या बायनाबाईनं भिंतीला कान लावला. "मोटर हाय गं! घूंऽ करायलीय!"

पुढच्या पाळीला निम्मी गल्ली घागरी घेऊन डबीखाली बसली.

"दिनकरराव, हत्ती बांधलाय का परसात?"

"हत्ती कशाचा! तळं खणायलेत आत!"

दिनकररावांनी डबीवर पोतं टाकलं. पोत्याखालूनही टकटक ऐकू येई, आणि आता लोक जास्तच हसत. आठवडाभरात त्यांनी भुजंगला गाठलं.

"भुजंगराव, ही बला काढा. आत येऊन बघत जा की मीटर. तुमाला कोण न्हाई म्हणलंय?"

"मला काढता येत न्हाई. साहेबांना सांगा."

"लय झालं बाबा. सांगतो."

सांगायची वेळ आली नाही. त्याआधीच नगरपालिकेची सभा भरली. नमुन्याची एक डबी टेबलावर ठेवली होती. बऱ्याच सदस्यांच्या घरी मोटर होती, आणि त्या गल्लीतली बातमी एव्हाना गावभर झाली होती. एक म्हणाला, आपल्या उन्हाला हे यंत्र टिकायचं नाही. दुसरा म्हणाला, गरिबाच्या पोटावर पाय कशाला? तिसऱ्यानं मीटर वाचणाऱ्यांची इतकी तारीफ केली, की दारात उभ्या भुजंगला हे कुणाविषयी चाललंय ते कळेना. प्रस्ताव एकमतानं पडला, दिनकररावांच्या भिंतीवरची डबीही निघाली. भुजंगची मुदत वाढली.

पुढच्या महिन्यात त्यानं दिनकररावांच्या दारात हाळी दिली. कमलबाईंनी पदर सारखा केला आणि "या" म्हणाल्या. न्हाणीजवळ उकिडवा बसून त्यानं काच पुसली, आकडा लिहिला. नळाला आता मोटर नव्हती.

बाहेर चतुराबाई आपल्या नळाखालची भरलेली घागर उचलत होती. "किती निघालं रे त्यांचं?"

"मावशी, ते आता घरातलं हाय," भुजंग म्हणाला. "तुमचं दाखवा."