हसतमुख असल्याचा सदाकतनामा

नोकरीच्या जाहिराती वाचणारे पुष्कळ असतात. पण जाहिरात म्हणजे सरकारी हुकूम समजून वागणारा माणूस मी अख्ख्या हैदराबादेत एकच पाहिला. सुलतान बाजारात आमचं बिऱ्हाड होतं आणि वरच्या खोलीत हे गृहस्थ एकटे राहायचे. पत्नी कधीच वारलेली, मूलबाळ नाही. निजामाच्या महसूल खात्यात जन्मभर उर्दूतून कारकुनी केली. पुढे संस्थान विलीन झालं, दफ्तरात इंग्रजी आली आणि पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला घरी बसावं लागलं.

जुन्या अमलात नोकरी लागायची ती कुणाच्या तरी शब्दावर. उमेदवाराचा स्वभाव कसा, ही चौकशी कुणी करत नसे. नव्या जाहिरातींना मात्र माणूस चपळ हवा, हसतमुख हवा, पुढाकार घेणारा हवा. मी शाळामास्तर, त्यामुळे इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन ते माझ्याकडे यायचे आणि एकेका गुणाचा अर्थ विचारून लगेच अंमलबजावणीला लागायचे. एकदा गाल चोळतच आले. म्हणाले, "मास्तर, हसतमुख म्हणजे दिवसातून किती वेळ की? मी सकाळधरनं हसायलोय." त्या हसण्यापायी भाजीवालीनं वांग्यांचा भाव एक पैसाही उतरवला नव्हता, एवढा खूश माणूस घासाघीस कशाला करतो, असं तिचं म्हणणं. पुढाकाराच्या आठवड्यात त्यांनी रेशनच्या दुकानापुढची गर्दी स्वतः ओळीत उभी केली. ओळ झकास लागली, फक्त हे सगळ्यांत शेवटी राहिले आणि त्यांच्या पाळीला साखर संपली.

बरं, गुण अंगी बाणवून भागत नव्हतं. जुन्या दफ्तरात प्रत्येक गोष्टीला सदाकतनामा लागायचा, म्हणजे ओळखीच्या माणसानं सहीनिशी दिलेला दाखला. जाहिरातीत कुणी मागितला नसला तरी हे प्रत्येक गुणाला तो जोडायचे. चपळपणाच्या दाखल्यासाठी त्यांनी माझ्यासमोर तीनदा जिना चढून दाखवला. मी हसू दाबून सही केली. अशा अर्जांना उत्तरं येत नसत, हे काय सांगायला हवं?

मग एका गिरणीची जाहिरात आली. काम त्यांना येण्याजोगं होतं, वयाची अट नव्हती, आणि उमेदवार मनमिळाऊ हवा होता. मी लगेच दौत पुढे ओढली, तर त्यांनी माझा हात धरला.

"तुम्ही नक्को, मास्तर. मी ज्याच्यासंगं मिळून राहिलो, त्यानंच सांगावं ते."

"मग असा कोण आहे?"

ते दफ्तरातलं एकेक मेज बोटांवर मोजत गेले. शेवटी एकच नाव निघालं. दफ्तरात समोरच्या मेजावर बसणारे एक मौलवीसाहेब. दोघं रोज दुपारी डबा एकत्र खायचे. ते मुलाबरोबर कराचीला निघून गेले होते. अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर होती. तसाच अर्ज पाठवा म्हणून मी परोपरीनं सांगितलं, पण अपुरा कागद पुढे सरकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कोरा सदाकतनामा रजिस्टरनं कराचीला गेला आणि हे रोज पोस्टमनच्या वेळेला खाली येऊन उभे राहू लागले.

मुदत टळली तरी त्यांचं येणं चालूच. एक दिवस मी वैतागून म्हणालो, "अहो, ती जागा केव्हाच भरली. आता कशाची वाट बघायलात?"

"जागा जाऊ द्या की," ते म्हणाले. "माझ्याबद्दल काय लिहायलाय, ते तरी कळंल."

त्यानंतर पोस्टमन दिसला की मी घरात जायचो. त्यांचं रिकाम्या हातानं जिना चढणं मला पाहवत नसे. वर्षाअखेरीस माझी औरंगाबादेला बदली झाली, तोवर ते पत्र आलं नव्हतं. पुढे आलं का, कोण जाणे. माझी सही त्यांनी नाकारली, याचा तेव्हा मला थोडा रागच आला होता. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. दोन वर्षं मी त्यांच्या खाली राहिलो, पोटभर हसलो, पण एकदाही त्यांना आमच्या पानावर जेवायला बोलावलं नाही.