जुबेदाचा चिंचोका नदीपलीकडं

शबानाचा फोन आला तेव्हा मी खेळाच्या फाशाला लागलेली हळद पुसत होते. "मावशी, अम्मी गेल्या…" एवढंच ती म्हणाली. आणि मला पहिल्यांदा काय सुचलं सांगू? पण तिची खेळी राहिलीय की! पासष्टी उलटली तरी माझी अक्कल आपल्याच सवडीनं येते.

त्याला आता सहा आठवडे झाले. दर रविवारी दुपारी बारामतीत आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघी बसायचो. मी, माझी मैत्रीण जुबेदा, तिची सून शबाना आणि खेळ चालवणारी माझी नात मुक्ता. प्रत्येकीनं काल्पनिक राज्यातलं एक पात्र व्हायचं, त्याची ताकद कागदावर लिहायची आणि वीस बाजूंचा फासा टाकत संकटांतून वाट काढायची. जुबेदाचं पात्र प्राण्याचं रूप घेणारं. सोंगटी म्हणून तिनं माझ्या डब्यातला चिंचोका उचलला. मुक्तानं नियम वाचले. प्राणी झालं की बोलायचं नाही, अक्कल मात्र आपलीच राहते. प्राण्याची ताकद संपली तर आपण मरत नाही, मूळ रूपात परत येतो.

"म्हंजी म्हैस मेली तरी मी जित्तीच?" जुबेदानं विचारलं. "मग हितं डॉक्टरचं काय काम न्हाय." तिचं हृदय तेव्हाच थकलं होतं.

लग्न होऊन मी माळेगावात आले तेव्हा वय बावीस आणि तोरा मामलेदाराचा. पाणी भरायला जातानाही मनगटावर घड्याळ! शेजारच्या जुबेदाला कुणीतरी सांगितलं होतं, भिगवणकडं पाण्यावर गुलाबी रोहित पक्षी उतरतात. "चल की सुमे, यष्टीनं जाऊन येऊ," ती म्हणाली. मी मान ताठ करून सांगितलं, "बायकांनी पक्षी बघत हिंडणं बरं दिसत नाही." कुणाला बरं दिसत नाही, हे त्या शहाणीला कुणी विचारलं नाही. जुबेदानं पुन्हा विषय काढला नाही. मीही नाही… चाळीसेक वर्षं.

यंदाच्या हिवाळ्यात खेळात आमच्या पात्रांपुढं मोठी नदी आली. जुबेदा म्हणाली, "मी रोहित पक्षी हुणार."

नियम होता, पाहिलेल्या प्राण्याचंच रूप घेता येतं. "तू पाहिलायस का?" मी अडवलं.

"कॅलिंडरवर."

"कॅलेंडर चालत नाही."

मुक्ता हसली. "आजी, तो पात्रानं पाहिलेला असावा लागतो, खेळणाऱ्या बाईनं नव्हे." पण नियम मी एकदा चुकीचा समजले, की आमच्या घरात तोच बरोबर. मी चिंचोका अलीकडच्या काठावर सरकवला.

जुबेदानं चिंचोक्यावर बोट ठेवलं. "मग दाखव की," ती म्हणाली. "कवाच सांगितलं हुतं."

चाळीस वर्षांपूर्वीची ती यष्टी मला आठवली. डॉक्टरांनी तिला दगदग नको म्हणून बजावलं होतं. पुढच्या हिवाळ्याचं तेही काही बोलत नव्हते. शबानानं गाडी काढली. पाठीला दोन उशा लावून आम्ही जुबेदाला भिगवणजवळ डाळजच्या बाजूला पाण्यावर नेलं, दोघींनी धरून नावेत बसवलं. ती धापा टाकत होती. मला वाटलं, आपण हिला मारतोय… तेवढ्यात समोरचा सगळा गुलाबी पट्टा हलला आणि उडाला.

"सुमे," ती कुजबुजली, "ह्यांचं गुडघं उलटं हायती बघ. माझ्यापरीस वाईट!" हसताना तिला खोकला आला, पण ती थांबेना.

त्या रविवारी ती रोहित झाली. नदीवरून उडाली, चिंचोका पलीकडं गेला. नियमाप्रमाणं आता तोंड बंद. जन्मात गप्प न बसलेली बाई दुपारभर नुसता पदर हलवत होती. मुक्तानं विचारलं, "जुबेदाआजी, परत माणूस व्हायचंय?" तिनं मान हलवली. नाही. खेळ पुढच्या रविवारवर ठेवला. गुरुवारी ती गेली.

मध्यंतरी मुक्तानं हळूच विचारलं, "आजी, त्यांचा कागद काढून ठेवू?" माझ्याआधी शबानाच म्हणाली, "नको. अम्मी अजून पक्षीच आहेत." नियमात बसतं की नाही, मी पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

आता आम्ही तिघी अलीकडच्या काठावर तराफा बांधतोय. फासा साथ देत नाही, दोन वेळा बुडालो. समोर पलीकडं तिचा चिंचोका आहे. टेबल पुसताना मी तेवढी जागा सोडून पुसते.