सरळ केलेली हलगी

अन्याय माझ्या मामांवर झाला. मागच्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी सव्वादोन वाजता, लातूरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत. करणारी मी. पत्रक लिहायला शिकले तेव्हा आमच्या संघटनेतल्या ताईंनी दटावून सांगितलं होतं की कोणावर, कधी, कुठे आणि कोणी हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, रडगाणं नंतर. ते आलं. आता बाकीचं.

मामा देवणीत राहतात, गवंडीकाम करतात आणि हलगी वाजवतात. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी आमच्या घरातली गावकीची हलगी बंद झाली. गावाने हाक मारायची आणि आम्ही वाजवत पुढे चालायचं, हे संपलं. मामांनी ती चाळिशीत परत हातात घेतली, स्वतःच्या हौसेने. ‘वाजव रे’ म्हटलं की वाजवत नाहीत. वाजवाल का, असं विचारलं की वाजवतात. हा फरक ज्याला किरकोळ वाटतो त्याच्याशी माझं भांडण आहे, आजही.

त्या वर्षी आम्ही मामांच्या वस्तीत अभ्यासिका मागत होतो. विहाराजवळची एक खोली कुलूप लावून पडली होती. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कुलपासमोर बसलो, आणि शेवटी खोली मिळाली. उद्घाटनाचा रविवार ठरला. त्याआधी रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरायचं, त्यासाठी गाणं हवं होतं. शब्द मी लिहिले. माझी खोलीतली मैत्रीण वाचून म्हणाली, “हे गाणं न्हाई, निवेदन हाय. खाली सह्या घ्यायच्या तेवढ्या राहिल्यात.” तरी तिनेच ते गायलं, आणि चांगलं गायलं.

ताल मी फोनवर बांधायला घेतला. फुकटातलं एक ॲप होतं. त्यात चौकोनी खाने असतात, खान्यावर बोट ठेवलं की ठोका वाजतो, आणि प्रत्येक वाद्याची आडवी पट्टी वेगळी दिसते. तिला ट्रॅक म्हणायचं. ॲपमध्ये वाद्यांची यादी बघितली आणि डोकं फिरलं. परदेशी क्लबातले ढोल चाळीस प्रकारचे. ‘जगातली वाद्ये’ म्हणून एक कोपरा होता, त्यात तबला होता, जपानचा ढोल होता. हलगी नव्हती. आमचा मराठवाडा बहुतेक जगात मोडत नाही. म्हणून मी देवणीला जाऊन आले, मामांना विचारलं, आणि त्यांची हलगी फोनवर उतरवून आणली.

तर तो सव्वादोनचा रविवार. ॲपच्या पडद्यावर उभ्या रेघा असतात, मात्रेच्या. मामांचे ठोके त्या रेघांवर बसत नव्हते. काही अलीकडे, काही पलीकडे. मला वाटलं, वयाचा हात आहे, जरा हलत असेल. एक बटण असतं, क्वांटाइझ नावाचं. ते प्रत्येक ठोका ओढून जवळच्या रेघेवर नेऊन बसवतं. मी ते दाबलं. ठोके शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले. मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते. मग ढोल, टाळ्या, आवाज आणि हलगी यांची मिळून एकच फाइल काढली. फोनमध्ये जागा उरली नव्हती, मोर्च्याचे फोटो भरलेले. म्हणून ॲपमधलं मूळ काम आणि मूळ रेकॉर्डिंग, दोन्ही पुसलं. गाणं मामांना पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“गाणं ऐकलं माय. हलगी कोण वाजवायलाय?”

“तुम्हीच की मामा.”

“न्हाई. म्या न्हाई. हा कोण तरी नोकरीवाला हाय. वेळेवर येतो, वेळेवर जातो.”

मी हसले. ते हसले नाहीत.

“ज्यानं वाजवलंय त्यालाच बोलवा उद्घाटनाला. म्या येत न्हाई.”

आणि फोन ठेवला. ज्या माणसाने त्या कुलपासमोर आमच्याबरोबर बसकण मारली होती, तोच उद्घाटनाला येणार नव्हता. मी मैत्रिणीपुढे अर्धा तास मामांनाच शिव्या घातल्या: आता मापाचं चालतं, जुन्या लोकांना कळत नाही, वगैरे. ती नखं कापत होती. म्हणाली, “तू पत्रकात लिहितीस ना, आम्हाला न विचारता आमच्याबद्दल ठरवलं म्हणून? मग तू काय केलंस?” मी चहा ठेवला.

नांदेडला एक ओळखीचे भाऊ आहेत. जयंतीच्या मिरवणुकांची गाणी त्यांच्या एका खोलीच्या स्टुडिओत तयार होतात, खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे आणि जुन्या गोधड्या. गाणं शेवटी तेच नीट करणार होते. त्यांना विचारलं, यातून हलगी परत बाहेर काढता येईल का?

“ताई, भाजीत घातलेलं मीठ परत डब्यात भरता का तुम्ही?”

“नाही.”

“हाव ना. मग परत वाजवून आणा. आणि आता सगळे ट्रॅक वेगवेगळे काढून पाठवा. एकेक वाद्य, एकेक फाइल. हलगी बाराव्या सेकंदाला सुरू होत असंल तरी फाइल शून्यापासूनच काढा. आधीची बारा सेकंदं काहीच वाजणार न्हाई, वाजू नये. पण ती शांतताबी मला पाहिजे. न्हाईतर इथं जोडताना कोण कुठं शिरायचं हेच कळत न्हाई. आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, गाणं म्हणून नगं, आवाज बिघडतो.”

शनिवारी देवणीची एसटी धरली. मामा कामावरून आले, हातपाय धुतले, माझ्याकडे बघितलंच नाही. मामींनी पिठलं वाढलं. मी सरळ म्हणाले, “मामा, चूक माझी. तुमची हलगी मी विचारल्याशिवाय बदलली. परत वाजवाल का?”

त्यांनी पिठल्यात भाकरी मोडली. मग मामींना म्हणाले, “विचारती तरी हाय.”

हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. अंगणात जाळ करायला मामांनी कागद शोधले. कोपऱ्यात आमच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता.

“तुझी पत्रकं झकास जळतेत. लई गरम लिहितीस.”

“एक तरी ठेवा वाचायला.”

“वाचलंय. म्हणून तर जाळतो.”

मी त्यांच्या कानात इअरफोन घातला. ॲप टिकटिक देतं, त्या टिकटिकीवर वाजवायचं असतं. दोनच ठोके झाले आणि त्यांनी वायर ओढून काढली.

“हे काय?”

“मात्रा चुकू नये म्हणून. सरळ राहायला.”

“ओळंबा हाय म्हण की.” त्यांनी काठी माझ्या फोनकडे रोखली. “भिंतीला ओळंबा लावतेत, माय. हाताला न्हाई.”

मी टिकटिक बंद केली. त्यांनी एक जाड काठी, एक बारीक काडी घेतली आणि दोन मिनिटं वाजवलं. शेजारच्या गोठ्यातली गाय मध्येच हंबरली. मी थांबवायला हात वर केला, मामांनी डोळ्यानेच नको सांगितलं. वाजवणं संपल्यावर म्हणाले, “तिला मधी बोलायचं होतं. तू सभेत बोलत न्हाईस का?”

लातूरला येऊन ॲपमध्ये आधी हलगी ठेवली, रेघा झाकल्या, आणि ती एकटी ऐकत बसले. चौथ्यांदा ऐकताना लक्षात आलं. प्रत्येक आवर्तनात तिसरा ठोका केसभर उशिरा येतो, आणि दर वेळी तितकाच उशिरा. चुकणारा हात दर वेळी सारखा चुकत नाही. तो उशीर मामांनी ठेवलेला होता. पाय उचलायला जागा तिथेच मिळते, मी खोलीत उभी राहून नाचून बघितलं. मग ढोल खान्यात न भरता बोटाने हलगीमागे वाजवला, टाळ्या आणि आवाज मैत्रिणीकडून पुन्हा घेतले. हलगी, ढोल, टाळ्या, आवाज: चार फाइली, सगळ्या शून्यापासून. नांदेडला पाठवायच्या आधी हलगीची एकटी फाइल मामांना पाठवली.

दुपारी, कामावरूनच त्यांनी फोन केला. मागे सिमेंट कालवल्याचा आवाज.

“ऐकलं.”

“मग?”

“गाय लई जोरात हाय.”

“आणि?”

“हलगी माझी हाय.” मग म्हणाले, “आता तुझा ढोल पाठव. बघू तो काय करायलाय.”

ढोलही पाठवला. तो घाईत आहे, माझ्या मागे धावतो, त्याला चालायला सांग, असा निरोप आला. म्हणून ढोल पुन्हा वाजवला. दुसऱ्यांदा पाठवल्यावर फक्त “पाठव नांदेडला” एवढंच आलं.

भाऊंनी नांदेडहून विचारलं, “ताई, हलगीच्या ट्रॅकमधी ही कोण ओरडली?” देवणी गाय, म्हटलं. त्यांनी ती हळू केली, काढली नाही. ट्रॅक वेगळा असल्यामुळे मैत्रिणीच्या आवाजाखाली हलगी दबली नाही, जिथे शब्द संपतात तिथे ती वर आली.

उद्घाटनाला मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. वाजवली नाही, कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांना तशी गरजही वाटली नाही. भोंग्याजवळ उभे राहिले. उदगीरहून आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, हलगीवाला कुठला? मामा म्हणाले, “इथलाच. म्या.” मी नव्या टेबलांवर पुस्तकं लावत होते. त्या दिवशी मला कशाचीच तक्रार नव्हती. माझ्या बाबतीत असं फार घडत नाही.

आता तुम्ही. तुमच्या फोनमध्येही असं ॲप असेल, आणि कोणाचा तरी हात तुम्ही त्यात उतरवून घेतला असेल: हलगी, संबळ, डफ, काहीही. ते सरळ करणारं बटण बंद करा. मूळ रेकॉर्डिंग पुसू नका, फोटो पुसा. प्रत्येक ट्रॅक वेगळा काढा, आणि सगळं एकत्र करण्याआधी वाजवणाऱ्याला त्याचा एकट्याचा ट्रॅक ऐकवा. तो म्हणाला की हा मी नाही, तर गाणं तिथेच थांबवा आणि एसटी धरा.