प्रस्थानाची पिशवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, आणि तिची चाहूल लागली की मी कागदावर हात ठेवतो — अजूनही. तुम्हाला मी ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

लोधिवलीच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. दादाने सातवीतून शाळा सोडली, खोपोलीच्या कारखान्यात लागला आणि मला कॉलेजात घातलं. वहिनी पहाटे उठून माझ्यासाठी भाकऱ्या थापायची. पुढे मी कर्जतच्या शाळेत मास्तर झालो, भिसेगावात बिऱ्हाड केलं. हे सगळं मी भाषणांत सांगतो. कुठेही बोलायला उभा राहिलो की दादा-वहिनीचं नाव घेतल्याशिवाय खाली बसत नाही. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांमुळेच पुढचं सांगणं जड जातं.

दादा कारखान्यातून निवृत्त झाला, त्या दिवाळीतली गोष्ट. त्याचा मुलगा अशोक कोचीनला, बंदरातल्या कचेरीत नोकरीला होता. त्याने आईबापांसाठी सहल ठरवली — मुंबईहून कोचीनपर्यंत विमान, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून बेटांवर जाणारं जहाज. समुद्रात चार दिवस, सगळे मिळून आठ. दोघांनी विमान पाहिलं होतं ते भाताच्या खाचरात उभं राहून, डोक्यावरून जाताना.

तिकिटं माझ्या हातात देत दादा म्हणाला, "तू शिकल्याला. तू सांगशील तसं निघू."

मी मन लावून सगळं आखलं. हायवेने जायचं नाही, एखादा ट्रक आडवा झाला की खेळ खलास. कर्जतहून रेल्वेने जायचं, तेही आदल्या संध्याकाळी — वाटेत मालगाडी अडली तरी रात्र हाताशी राहते. मुक्काम दादरला मामेभावाकडे. सकाळी आरामात जेवून सांताक्रूझला, कारण विमान दुपारचं. ते विमान रोज नव्हतं. चुकलं तर जहाजही चुकणार, हे मीच दादाला बजावून सांगितलं होतं. मीच.

आणि मग मला संशय येऊ लागला.

आई दादाकडे असायची. तेव्हा तिला उठवून मोरीपर्यंत न्यावं लागे. सहलीपुरती ती माझ्याकडे राहणार, असं ठरलं. दादा-वहिनी तिला टेंपोतून घेऊन आली ती दोन दिवस आधीच. मी सामान उतरवू लागलो — आईची सगळी लुगडी, तिचा तांब्या, तिचं अंथरूण, आणि डब्यात ठेवलेला तिचा बाळकृष्ण. मी तो डबा हातात धरून उभाच राहिलो. आठ दिवसांसाठी देव कशाला? कोंबड्यांचं काय केलंस, असं विचारलं तर वहिनी म्हणाली, "दिल्या शेजारी." परत कधी येणार, हे दादाला विचारलं. तो हसला. "अशोक सोडंल तवा!"

अशोकने मागे एकदा म्हटलं होतं, आता कायमचे इकडेच या. ते मला नेमकं आठवलं. हे फिरायला चाललेत की आईला माझ्या दोन खोल्यांत टाकून चाललेत? ज्याने मला वाढवलं त्याच्याबद्दल मी हा विचार केला. एकदा नाही — भात कालवताना, वह्या तपासताना, आईला धरून नेताना. प्रत्येक वेळी तो थोडा अधिक खरा वाटला.

वहिनीची एक पिशवी माझ्याकडे आधीपासूनच होती. निघायचा दिवस चांगला नव्हता, म्हणून तिने चांगल्या दिवशीच प्रस्थान ठेवलं होतं — सुपारी, हळदीचे तांदूळ आणि विमानात नेसायची नवी साडी. पिशवी दुसऱ्याच्या घरी ठेवली की प्रवासाला निघाल्यासारखंच. मग खुशाल वाईट दिवशी निघा. पण साडीला फॉल लावायचा राहिला होता. आईला सोडायला आली तेव्हा वहिनीने ती पिशवी उचलली आणि टेंपोत ठेवली.

आई अंथरुणातून ओरडली, "परस्थान माघारी नेत नायत गं!"

"मंग काय बिनफॉलच्या साडीत इमानात बसू?" वहिनी हसत म्हणाली. "परवा आनते परत."

ही पिशवी लक्षात ठेवा.

निघायच्या दिवशी दुपारी वाण्याने मला हाक मारली. आमच्या आळीत फोन त्याच्याकडेच होता. "मास्तर, ट्रंककॉल हाय! कोचीन!" मी धावत गेलो. पलीकडे अशोक. ओरडून सांगत होता — काका, विमान दुपारचं नाही, सकाळी लवकर सुटणार आहे, वेळ बदलली, आईबाबांना सांगा, पहाटेच निघायला सांगा.

मग तो म्हणाला, "ऐकू येतंय का? काका? हॅलो, ऐकू येतंय का?"

मला स्वच्छ ऐकू येत होतं.

मी बोललो नाही. रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. समोर गुळाच्या ढेपेवर माश्या बसल्या होत्या, त्या बघत राहिलो. डोक्यात एकच — विमान चुकलं तर हे परत येतील, आणि आईला घेऊन जातील. अशोक हॅलो हॅलो करत राहिला. मग कॉलची वेळ संपली आणि लाइन तुटली.

"लाइन खराब आहे," मी वाण्याला म्हणालो.

"दिवाळीचा फराळ खाऊन सुस्तावली आसंल," तो म्हणाला. मी हसलोसुद्धा.

संध्याकाळ तर अजून बाकी होती. सांगता आलं नसतं का? दोघं आली, वहिनी पिशवी घेऊन. ती आईच्या पाया पडली आणि रडू लागली. आठ दिवसांसाठी कुणी असं रडतं? मला ते माझ्या संशयाचं उत्तर वाटलं. मी त्यांची बॅग उचलली, स्टेशनवर गेलो, गाडीत बसवून दिलं. खिडकीतून दादा म्हणाला, "तुज्यामुळं निर्धास्त हाय बग." गाडी हलली. मी हात हलवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दोघं माझ्या दारात उभी होती. नव्या साडीतली वहिनी उंबऱ्यावरच बसली. "भावजी, इमान गेलं. आमी जेवून, पान खाऊन गेलो, आनि ते सकाळीच गेलं." दादाने चपला काढल्या आणि त्या पुन्हापुन्हा सरळ लावत राहिला.

पाणी प्यायल्यावर वहिनीने कनवटीला बांधलेला एक दोरा सोडला, त्याला गाठ मारलेली. आईच्या पावलाचं माप. कोचीनहून तिला मऊ चपला आणायच्या होत्या. आता काय करायचा, म्हणून तिने तो आईच्या उशाशी ठेवला. कोंबड्या आठ दिवसांच्या बोलीवर दिल्या होत्या, हेही बोलता बोलता निघालं. आणि बाळकृष्ण? आई त्याला आंघोळ घातल्याशिवाय जेवत नाही — हे मला, तिच्या मुलाला, ठाऊक नव्हतं.

त्याच रात्री आईला घेऊन ती दोघं लोधिवलीला गेली. टेंपो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मला काय वाटलं, तेही सांगतो. सुटल्यासारखं वाटलं.

वेळ बदलल्याची अशोकची तार त्यानंतर पोचली. पुढे फोनवर त्याने माझीच माफी मागितली — लाइन तुटली तेव्हा मीच पुन्हा लावायला हवा होता, काका. मी म्हणालो, असू दे.

पण वहिनीने दोष स्वतःकडे घेतला. प्रस्थान माघारी नेलं म्हणून प्रवास मोडला, अशी तिची खात्री झाली. सुरुवातीला दादा थट्टा करायचा. नंतर नंतर चिडला की तोच म्हणायचा, "तुज्या पिशवीनं घालवलं आमचं इमान." ती मान खाली घालायची. कितीदा माझ्यासमोर घडलं हे. अशोकने पुन्हा तिकिटं काढतो म्हटलं, तर तिने हात जोडले. माझ्या पायगुणानं परत काही नको. दादा गेला, विमानात न बसताच.

गेल्या महिन्यात माझी मुलगी नोकरीसाठी पहिल्यांदा विमानाने दिल्लीला गेली. वहिनी मुद्दाम लोधिवलीहून आली. आता तिला कमी दिसतं. मुलीचे हात धरून तिने तिला ती सगळी गोष्ट सांगितली — साडी, फॉल, टेंपो. "माज्यासारकं करू नको गं पोरी. येकदा ठेवल्याली पिशवी माघारी नेऊ नको. माज्या येड्या हौसेपायी ह्यांचं इमान गेलं, दर्या बगायचा ऱ्हायला." मग मी खोलीत आहे की नाही हे कळेना, म्हणून माझ्या दिशेने तोंड करून तिने विचारलं, "भावजी, ऐकताय ना?"

मी तिथेच, दाराशी उभा होतो.

"भावजी?"

मी बोललो नाही.