फुकटचं प्यादं

दौंडच्या म्हाळूमामांनी संशय काही उगाच शिकला नव्हता. उभी हयात रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून गेली. 'सांधा बसला' असं कुणी शपथेवर सांगितलं, तरी मामा स्वतः जाऊन हलवून बघणार. नोकरीत ते बरोबरच होतं हो, पण निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. शेजारीण कालवणाची वाटी घेऊन आली, तरी आधी मनात, हिचं काय अडलंय?

बायको गेल्यापासून घरात एकटेच. शिरूरला दिलेली लेक करुणा सारखी फोन करायची, "आबा, इकडंच राहायला या." मामा म्हणायचे, "बघू." फोन ठेवला की सुरू, जावयाला काय पाहिजे असंल? एवढा आग्रह फुकट कोण करतंय? दोन वर्षं हेच चाललं होतं.

जीव रमायचा तो फक्त बुद्धिबळात. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर भारत टेलरशी डाव पडायचा आणि भारत हरायचा, हा ठरलेला नेम. पण अलीकडं गडी जिंकायलाच लागला की! तेही कसं? सुरुवातीलाच प्यादं फुकट पुढं सारायचा. मामा प्याद्याकडं बघायचे, भारतच्या तोंडाकडं बघायचे. 'मला येडा समजतो व्हय!' प्यादं न खाता राजाभोवती कुंपण घालत बसायचे, तोवर भारतचा वजीर घरात घुसलेला.

"मोबाईल सांगतोय त्याला," मामांनी निदान केलं आणि एका दुपारी थेट दुकानात जाऊन उभे राहिले. शिलाई मशीनला टेकवलेल्या मोबाईलवर पट चालूच होता.

"सापडलास, भारत्या! दाव इकडं."

भारतनं मुकाट दाखवलं. तेच फुकटचं प्यादं. त्याच्या डोक्यावर लाल खूण, आणि शिकवणारा हिंदीत बजावत होता, ही चाल कच्ची आहे, समोरच्यानं प्यादं खाल्लं तर तुम्ही हरलात.

"आरं, मग चुकीचं कशाला शिकतोस?"

"तुमच्यासाठी, मामा." भारत ओशाळला. "दुसरा कुणीबी पयल्या झटक्यात खाईल आन् मी मरंन. तुमी खातच न्हाई. फुकट दिलेलं तुमी कवाच घेत न्हाई, ह्ये सगळ्या दौंडला ठाव हाय."

शिवी द्यावी तर कुणाला? सगळं गाव ओळखून होतं, आणि मामा मात्र स्वतःला हुशार समजत होते. दुकानाच्या पायरीवरच बसले. लेकीची दोन वर्षांची आर्जवं एकदम आठवली. त्यांनी फोन लावला.

"करुणा, येतो गं राहायला."

पलीकडून घाबरलेला आवाज, "आबा, खरं सांगा. काय झालंय? डॉक्टर काय म्हणले?"

पोरगी कुणावर गेली, ते मामांना बरोबर कळलं. हसू आलं आणि डोळेही भरले.

"काय न्हाई गं बाये," ते म्हणाले. "तू देतीयास, मी घेतो."